पंधराचे एकोणीस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, त्या टेबलाभोवती बसणाऱ्या चौघांना तर नाहीच. ऐकून तुम्ही म्हणाल – एवढंच? खेळ तर होता! हो, खेळच होता. म्हणूनच सांगायला जीभ रेटत नाही.

भोकरदनला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दर रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून आम्ही मागच्या खोलीत गोष्टीचा खेळ खेळायचो. गोष्ट मी सांगायची, राक्षस मी आणायचे. बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन लढायचं. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. राक्षसाला लागायला किती पडावे लागतात, तो आकडा माझ्या फायलीआड असायचा. फक्त मला दिसायचा.

प्रवीणने पाताळातला योद्धा घेतला होता. अंधारात वाघ, उन्हात मात्र अधू – उन्हात त्याने दोन फासे टाकायचे आणि कमी पडेल तो धरायचा. हे पात्र त्याने स्वतः मागून घेतलं. का, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. प्रवीण जन्मापासून पांढरा – केस, भुवया, पापण्यासुद्धा. उन्हात त्याचे डोळे उघडत नाहीत, कातडी भाजून निघते. स्टँडपासून दुकानापर्यंत तो छत्री, टोपी, काळा चष्मा असा सगळा जामानिमा करून यायचा.

आणि मी काय केलं? प्रत्येक लढाई भर दुपारी लावली.

राग कसला होता? खरं सांगू – तो माझ्याहून हुशार होता. मी आठवडाभर खपून मैदान रचावं आणि त्याने कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या पेटवून धूर करावा, ऊनच झाकून टाकावं! गोष्ट माझी, टाळ्या त्याला. मला सहन व्हायचं नाही. मग मी वारा फिरवायचो. त्याने डोळ्यांवर पट्टी बांधून आवाजाच्या रोखाने वार केला, तर मी नगारे वाजवले. तो हसायचा आणि पुन्हा काहीतरी शोधायचा.

शेवटच्या लढाईत उघडं माळरान, एक झाड नाही. बाकीचे तिघं जखमी. प्रवीण म्हणाला, "राक्षस एवढा मोठा हाय, मंग त्याची सावली पडतच असंल की! म्या तिच्यातच उभा राहून मारतो."

खोलीत एकच कल्ला झाला. मी म्हणालो, बारा वाजलेत, सावली त्याच्या पायाखाली आहे.

त्याने मुकाट दोन फासे टाकले. एक अठरा, एक एकोणीस. म्हणजे अठरा धरायचे. फायलीआड माझ्याच अक्षरात पंधरा लिहिलेलं – वार लागला होता, राक्षस मेला होता! सगळे श्वास रोखून माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, एकोणीस लागतात.

वार एका अंकाने हुकला. राक्षसाने प्रवीणच्या योद्ध्याला मारलं. तेही मी चांगलं रंगवून सांगितलं.

तो खेळ तिथेच मोडला. प्रवीण आता टेंभुर्णीला असतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "सगळे माझ्यावर दया करून राह्यले भाऊ, लहानपणापासून. तू एकट्यानं कधी सूट दिली न्हाई. तुझ्यापाशी सगळ्यांला एकच नियम. ती लढाई म्या आजबी सांगतो लोकायला – एकानं हुकलो म्हणून."

मी नुसतं "हं" म्हणालो. खरं सांगावं तर त्याचा एकुलता एक सरळ माणूस हिरावून घ्यायचा. न सांगावं तर तो माणूस बनून जन्मभर त्याचा फोन उचलायचा. हे कारणही माझ्या सोयीचंच आहे, तेवढं मला कळतं.

त्या दुपारी सगळे उठायच्या आत मी फायलीत पंधराचे एकोणीस केले होते – कुणी बघायला मागितलं तर असावेत म्हणून. कुणीच मागितलं नाही. प्रवीणनेही नाही.