हात बदलण्याआधीची परवानगी

आदरणीय विश्वासराव नाईकवाडी सरांची आणि माझी पहिली भेट ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठातील क्रीडागृहात झाली. मी शिडीवर होतो आणि हातात मोजायची टेप होती. माझी मुलगी मृणाल तिथल्या बास्केटबॉल संघात नुकतीच निवडली गेली होती. आमच्या अंगणात मी स्वतः बसवलेल्या रिंगमध्ये हमखास पडणारे तिचे चेंडू तिथे पडेनात, तेव्हा रिंगची उंची मोजून पाहणे मला आवश्यक वाटले. खालून मराठीत आवाज आला, "अहो, टेपचं दुसरं टोक मी धरतो. झोळ राहिला तर माप चुकेल."

माप बरोबर निघाले. सर हसले नाहीत. "शंका फिटली ना? चला, चहा घेऊ," एवढेच म्हणाले.

सर नागपूरहून अभियांत्रिकी शिकायला जर्मनीत आले आणि एका क्लबच्या नजरेत भरले. बास्केटबॉल खेळून पगार घेणारे तेव्हा या देशातही विरळाच. घरची मंडळी पत्रातून विचारत, "ते ठीक, पण नोकरी कुठे करतोस?" गुडघ्याने साथ सोडेपर्यंत सर खेळले आणि नंतर विद्यापीठाच्या संघांचे प्रशिक्षक झाले.

चहा घेताना त्यांनी विचारले, "मृणालला नेम कुणी शिकवला?"

"मीच. पुस्तकं वाचून."

"चांगला शिकवलात. लहान मुलीच्या ताकदीला छातीपासून दोन्ही हातांनी फेकणंच योग्य. पण इथे समोरच्या मुली उंच, चेंडू सुटायच्या आत अडवतात. हात बदलला नाही, म्हणजे डोक्यावरून एका हाताने फेकायला ती शिकली नाही, तर मला तिला खेळवता येणार नाही. तुमची हरकत नसेल तर बदलू?"

"प्रशिक्षक तुम्ही. मला कशाला विचारता?"

सरांनी कप खाली ठेवला. "क्लबमध्ये पहिल्याच दिवशी माझा हात बदलला. नागपूरच्या गुरुजींनी शिकवलेलं सगळं चूक, असं चारचौघांत सांगून. हात सुधारला हो. पण सुट्टीत गुरुजींना भेटायला गेलो, तर त्यांच्यासमोर चेंडू हातात घेववेना. तुमच्या घरात तसं नको व्हायला."

मी होकार दिला. सरांची अट एकच होती, घरी मी काही सुचवायचे नाही. मला ती फार जड गेली. अंगणात चेंडूमागून चेंडू रिंगला आपटून परत येई. "पापा, काहीतरी बोला ना," मृणाल जर्मनमध्ये म्हणे. मी झाडांना पाणी घालत राही.

मोसमातल्या पहिल्या सामन्यातही तिचे नेम चुकत होते. शेजारचे एक पालक पुटपुटले, "हिला बाहेर का काढत नाहीत?" सर शांत बसून होते. उत्तरार्धात एका उंच मुलीच्या हातावरून तिचा चेंडू गेला आणि जाळीतून खाली आला.

सामना संपल्यावर सरांनी मला मैदानावर बोलावले आणि मृणालला पुन्हा नेम धरायला लावला. "बघा बरं, कोपर ठीक आहे?"

मी बाजूने, मग मागून नीट पाहिले. "किंचित बाहेर जातंय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," सर म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "ऐकलंस? आजपासून घरी यांच्याकडून तपासून घ्यायचं."

साठी पूर्ण करणाऱ्या सरांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो. मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी कुणीतरी काही शिकवलेले असते. त्या माणसाचा मान राखणारे सर आम्हा पालकांना पुष्कळ वर्षे हवे आहेत.