तेरांच्या खेळातून पंधरांच्या खेळात

गिरणीमागच्या मैदानावर आम्ही नुसती कबड्डी खेळत होतो तोवर आमचं बरं चाललं होतं. गणेशपेठेतलं आमचं मंडळ फार नावाजलेलं नव्हतं, पण आमच्याशी सामना म्हटला की समोरचे जरा कुरकुरत. याचं कारण माझा चुलत भाऊ. त्याचा दुधाचा धंदा, घरच्या सहा म्हशी, आणि अंगानं तो त्यांच्यातलाच एक वाटायचा. पळणं हा प्रकार त्याला मुळात पटलेला नव्हता. पण समोरच्याचा घोटा एकदा त्याच्या हातात आला की तो माणूस देवाचं नाव घ्यायला लागायचा. दुसरा हुकमी गडी म्हणजे एक पोस्टमन. चढाईला गेला की दिसायचाच नाही, परत आला की दिसायचा. मी डाव्या कोपऱ्यात असायचो. माझ्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. गिरणीत नवे स्पिनिंग मास्तर, म्हणजे सूतखात्याचे साहेब, आले. मूळचे सोलापूरचे. गिरणीच्या कामासाठी इंग्लंडच्या उत्तरेला दोन वर्षं राहून आलेले. येताना माणसं तिकडून ट्रान्झिस्टर आणत, घड्याळं आणत. हे गृहस्थ एक लांबट चामडी चेंडू घेऊन आले. एका संध्याकाळी तो काखेत धरून ते मैदानावर उभे राहिले आणि आमची कबड्डी बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "तुम्ही लोक रग्बी खेळायला जन्माला आलात."

माझा भाऊ चेंडू हातात घेऊन उलटासुलटा करत म्हणाला, "मास्तर, हे तं कोहळं हाय."

त्या दिवसापासून त्या खेळाचं नाव पडलं कोहळा. अख्ख्या पेठेत दुसरं नाव कुणी घेतलं नाही.

खेळ शिकवणं सोपं गेलं नाही. चेंडू पुढे न्यायचा, पण सोबत्याला देताना मागेच फेकायचा, हे ऐकून पोस्टमन खाली बसला. "पुढं जायचं हाय तं मांगं काहून फेकायचं गा? मी पत्र अशी वाटली तं नोकरी जाईन माही." त्याला चेंडू दिला की तो पळताना सवयीनं "कबड्डी कबड्डी" म्हणायचा, आणि दम संपला की इमानदारीत थांबून चेंडू खाली ठेवायचा. हे सुटायला महिना लागला. भावाला मात्र काही शिकवावंच लागलं नाही. माणूस दिसला, धरला, पाडला. मास्तरांनी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं, "मानेला धरायचं नाही." तो म्हणाला, "माणूस पडते ना पण?"

मास्तर शिकवत होते तो खेळ तेरा जणांचा. माणूस धरून पाडला की सगळ्यांनी बाजूला व्हायचं, त्याला उठू द्यायचं, त्यानं चेंडू पायानं मागे सरकवायचा आणि पुन्हा सुरू. ठरावीक वेळा पडलात की चेंडू समोरच्यांचा. आम्हाला हे न्यायाचं वाटलं. मग एकदा मैदानाच्या कडेच्या पोहेवाल्याकडे तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, खाताना मास्तरांनी सांगितलं की याच खेळाचा एक पंधरा जणांचा भाऊही आहे. तेरांचा खेळ गिरणीकामगारांचा आणि खाणीतल्या मजुरांचा, पंधरांचा खेळ कॉलेजातल्या साहेबलोकांचा. कामगारांनी बुडालेल्या रोजीपायी चार पैसे मागितले, साहेबांना ते ओंगळ वाटलं, आणि भावाभावांत जे फाटलं ते कायमचं. तेरांत पैसे घेऊन खेळलेला माणूस पंधरांच्या मैदानावर पुन्हा पाय ठेवू शकत नसे.

"म्हणजे वाळीत टाकतात?" मी विचारलं.

"जन्मभरासाठी."

आम्हाला फार बरं वाटलं. इंग्रजांचंही आपल्यासारखंच असतं हे कळल्यावर त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच थोडी आपुलकी वाटली.

पुढच्या हिवाळ्यात कामठीच्या छावणीतला एक कॅप्टन गिरणीत काही कापडाच्या कामासाठी आला आणि जाताना आमचा कोहळा बघून जीप थांबवून उतरला. हा उत्तरेकडचा उंच, मिशाळ माणूस. छावणीत त्याचा पंधरा जणांचा संघ होता आणि खेळायला आसपास कुणी नव्हतं. त्यानं आणि मास्तरांनी तिथंच उभ्या उभ्या सामना ठरवला: पहिला अर्धा आमच्या नियमांनी, दुसरा त्याच्या. आमच्याकडे दोन गडी कमी पडत होते. एक जागा मास्तरांनी स्वतः घेतली, आणि दुसरी पोहेवाल्यानं मागून घेतली. त्याच्या मते आमचा सगळा जोर त्याच्याच तर्रीतून आलेला होता.

सामन्याला अर्धी पेठ सायकलींवरून कामठीला आली. पहिल्या अर्ध्यात आम्ही शिपायांना अक्षरशः लोळवलं. माणूस पाडला की त्यांना वाटे आता ढीग घालायचा. ते एकावर एक चढत, पंच शिट्टी मारे, आणि आमचा गडी खालून उठून शांतपणे चेंडू मागे सरकवे. तेवढ्यात पोस्टमन कडेनं निघून जाई. कॅप्टन लाल झाला.

दुसऱ्या अर्ध्यात आमचं हसं झालं. पंधरांच्या नियमात माणूस पडला की त्यानं चेंडू सोडायचा, आणि मग जो उभा आहे त्यानं तो ओढून न्यायचा. खेळ थांबतच नाही. आमचे गडी पडत, सभ्यपणे उठत, चेंडू सरकवायला वाकत, आणि बघतात तर चेंडू शिपायांच्या हातात पार पलीकडे. "अबे, उठू तं द्या!" असं आमचा एकजण ओरडला ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. चेंडू बाहेर गेला की दोन रांगा करून मधे फेकायचा, हा प्रकार तर आम्ही लग्नात अक्षता घेऊन उभं राहावं तसा नुसता बघितला. पोस्टमनला कडेला उभा केला होता. त्याच्यापर्यंत चेंडू पोचलाच नाही. मास्तरांचा दम संपला आणि ते पोहेवाल्याच्या खांद्यावर हात टाकून बाहेर गेले.

असा सगळा बट्ट्याबोळ चाललेला असताना माझा भाऊ माझ्यापाशी आला. तोंडाला माती, डोळे चमकत होते. "म्हणजे पडल्यावर खेळ संपत नाई?"

"नाही म्हणे."

"मंग आधी काहून नाई सांगतलं बे?"

आणि तो त्या ढिगाकडे निघाला, पळत नाही, चालत. पुढचा सगळा वेळ तो ढिगाऱ्यातच राहिला. चार शिपाई जिथं वाकलेले असत तिथं हा खांदा घालायचा, एकेकाला रेडकासारखा बाजूला सारायचा आणि चेंडू घेऊन बाहेर यायचा. चेंडू घेऊन पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो जवळ दिसेल त्याला द्यायचा. दोनदा त्यानं तो शिपायांनाच दिला. तरी कॅप्टन हातातलं सगळं सोडून त्याच्याकडेच बघत राहिला.

सामना आम्ही हरलो. कॅप्टननं सगळ्यांना चहा दिला आणि मास्तरांना सांगितलं की महिन्याभरानं कलकत्त्याला सामने आहेत, छावणीचे आणि शहरातले मिळून संघ न्यायचा आहे, तुमचे दोन गडी हवेत. पोस्टमन आणि हा जाडा. मग त्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "तेरावाले खेल के लिए कभी पैसा तो नहीं लिया?"

भाऊ विचारात पडला. "पैसा नाई, साहेब. तर्री-पोहा खाया है. मास्तर के तरफ से."

कॅप्टन मास्तरांकडे वळला. "प्लेट कितनी?" मास्तर म्हणाले, "ते विचारू नका." तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

मी धीर करून मास्तरांना विचारलं की माझं काय. मास्तर चांगले होते, खोटं बोलत नसत. "तुला दोन्ही खेळ चांगले समजतात," ते म्हणाले. "खेळता एकही येत नाही."

खरी अडचण घरी होती. काकू, म्हणजे भावाची आई, पोराला कलकत्त्याला पाठवायला तयार नव्हती. शेवटी कॅप्टन स्वतः जीप घेऊन गणेशपेठेत आला. काकूनं त्याला बाजेवर बसवलं, पितळेच्या पेल्यात ताक दिलं.

"माताजी, आपका बेटा हमें चाहिए."

"ले जाव ना," काकू म्हणाली. "लेकिन भैस का दूध कोन निकालेंगा? तुम निकालेंगे?"

कॅप्टनला लढाईचा अनुभव होता, पण असल्या प्रश्नाचा नव्हता. त्यानं पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली आणला नाही. तेवढ्यात काकूची नजर दारातल्या माझ्यावर पडली. "तू काहून उभा हायेस गा? तुले तं नाई नेऊन राहिले ना?"

अशा रीतीनं भारतीय रग्बीतलं माझं योगदान ठरलं. ते दोघं कलकत्त्याला गेले आणि मी कचेरीच्या आधी नि कचेरीनंतर सहा म्हशींचं दूध काढू लागलो. त्यांतल्या एकीनं मला पहिल्याच सकाळी बादलीसकट उडवलं. काकू म्हणाली, "तिले ओळख पटू दे." ओळख शेवटपर्यंत पटली नाही.

सगळ्यांचा अंदाज होता की पोस्टमन नाव काढणार. तो परत आला तो चिडून. तेरांच्या खेळात त्याच्याकडे चेंडू सारखा यायचा. पंधरांच्यात त्याला कडेला थंडीत उभा केला आणि पुढचे लोक चेंडू ढिगाखालून काढेचनात. "तिकीट न काढता सगळ्यात जवळून सामना पाह्यला," तो म्हणाला, "अन् वरून सर्दी घेऊन आलो." तो पुन्हा कबड्डीत आला आणि सुखी झाला.

भाऊ मात्र तिथं कुणाला आवरला नाही. कॅप्टनच त्याच्याबद्दल सांगत सुटायचा. कलकत्त्याच्या क्लबातले गोरेगोमटे लोक म्हणे त्याच्या खालून निघाल्यावर एकमेकांना विचारत होते की हा कोण आहे. पुढची तीन-चार वर्षं दर हिवाळ्यात छावणीचा निरोप यायचा, हा जायचा, आणि मी बादली उचलायचो. ढिगात सारखं डोकं घासून त्याचे दोन्ही कान सुजले आणि मग तसेच राहिले, वाळलेल्या कारल्यासारखे.

या कानांनी पुढे घोळ घातला. दोन ठिकाणी मुली बघून झाल्या, दोन्हीकडून नकार आला. एका घरी तर मुलीच्या मामानं विचारलं की हे खानदानात आहे का. काकूनं कोहळ्याला आणि मास्तरांना भरपूर शिव्या घातल्या. मास्तर तोवर बदली होऊन दुसऱ्या गावच्या गिरणीत गेले होते, म्हणून त्यांच्या वाटच्याही मीच ऐकल्या.

तिसरं स्थळ मौद्याकडचं, शेतकरी घर. मी सोबत होतो. पोहे झाले, नाव-शिक्षण झालं, भाऊ घाम पुसत बसला होता. मुलगी चांगली उंच, धीट. तिनं त्याच्या कानांकडे सरळ बघितलं. तिच्या वडिलांनी विचारलं, "तुले काही विचाराचं हाय का वं?"

"ऐकू येते का यायले?" ती म्हणाली.

भाऊ तिच्याकडेच बघत होता, त्याचं लक्ष नव्हतं. "काय म्हणलं?" तो म्हणाला.

आधी आतल्या बायका हसल्या, मग ओसरीवरचे पुरुष, आणि मग तीही पदर तोंडाला लावून इतकी हसली की काकूनं तिथंच पिशवीतून नारळ काढला. लग्न उन्हाळ्याच्या आत उरकलं. पुढच्या हिवाळ्यात कामठीला सामना होता, तेव्हा वहिनीनं हट्टानं त्याच्यासोबत जायचं ठरवलं. माणसांच्या ढिगाखाली तिचा नवरा दिसेनासा झाला तशी ती बाकावरून उठून शिपायांना ओरडायला लागली, आणि पंचाला तिला खाली बसवायला यावं लागलं.

त्या वर्षीपासून म्हशींचं दूध तीच काढायला लागली, आणि मी सुटलो.