जाऊबाईंचा शेवटचा हंगाम

चंदीगडसारख्या फूटपट्टीने आखलेल्या शहरात राहून चिखल शोधत फिरणारी एकच व्यक्ती देवाने जन्माला घातली, आणि ती नेमकी माझी थोरली जाऊ झाली. इथे रस्ते सरळ, चौक गोल, झाडं रांगेत. सायकलवाल्यांसाठी तर कडेने वेगळा गुळगुळीत रस्ता आहे. त्या रस्त्यावर जाऊबाईंना पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. इतका सरळ रस्ता पाहिला की आपल्याला जांभया येतात, असं त्यांचं म्हणणं. त्या सेक्टर संपतात तिथून पुढे जायच्या आणि डोंगराच्या पायथ्याच्या कोरड्या नाल्यांत सायकल घेऊन उतरायच्या. वय साठीला टेकलेलं, मोहालीत औषधांवर संशोधन करण्याची नोकरी, मूळ गाव सोलापूर, हेल्मेटखाली अंबाडा आणि कपाळावर ठसठशीत टिकली. दोन तासांनी परत यायच्या तेव्हा टिकली तेवढी ओळखू यायची, बाकी सगळा नाला.

या खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात. म्हणजे काय, तर जिथे शहाणा माणूस सायकल नेणार नाही तिथे ती न्यायची, आणि जिथे ती जातच नाही तिथे खांद्यावर टाकून आपण पळायचं. माळ, चिखल, वाळू, चढ, उतार, मध्येच उड्या मारायला आडव्या फळ्या, आणि हे सगळं गोल गोल फिरून पुन्हा पुन्हा. हौसेने हे करणारी पंधरा-वीस माणसं इथे निघाली आणि फौजेतून निवृत्त झालेल्या एका सरदारजींनी आपलं शेत त्यांना देऊन टाकलं, हे मला आजही खरं वाटत नाही. जाऊबाईंची तयारी मात्र बारमाही. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. त्या तिसऱ्या मजल्यावर सायकल खांद्यावर घेऊन जिन्याने चढायच्या. सायकल खांद्याला रुतू नये म्हणून सोलापुरी चादरीचा तुकडा दुमडून त्यांनी जर्सीला आतून शिवला होता. टायरमधली हवा त्या अंगठ्याने दाबून बघायच्या आणि भाकरीचं पीठ मळून झालं की मान हलवतात तशी मान हलवायच्या. सोसायटीच्या बागेत दोन पाट उभे करून त्यांवरून सायकलसकट उड्या मारताना त्यांना पाहून एक नवीन भाडेकरू घाबरून वॉचमनला बोलवायला गेला होता. वॉचमन त्याला शांतपणे म्हणाला, "कुछ नहीं जी, मॅडमजी हैं." आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण ती बोलते हिंदीत. ती म्हणायची, "काकू पागल है यार, पक्का." आणि मग मैत्रिणींना त्यांचेच फोटो दाखवायची.

इतकं करून त्यांनी कधी एखादी शर्यत पूर्ण केली होती का, तर नाही. या खेळात एक निर्दय नियम आहे. सर्वांत पुढचा गडी एक फेरी जास्त मारून मागून तुम्हाला गाठायला लागला की तुमची शर्यत संपली; शिट्टी वाजते, बाजूला व्हायचं. जाऊबाईंच्या आजूबाजूला सगळे पंचविशीतले, त्यामुळे दर वेळी शेवटच्या दोन-तीन फेऱ्या राहिल्या की त्यांची शिट्टी वाजायची. एकदा सरदारजींनी वयाकडे पाहून शिट्टी तोंडातच धरली, वाजवली नाही. शर्यत संपल्यावर जाऊबाईंनी त्यांना सगळ्यांसमोर असं काही फैलावर घेतलं की फौजेत इतकी वर्षं काढलेला तो माणूस सावधान पवित्र्यात उभा राहिला. नियम सगळ्यांना एक, नाहीतर मी येणार नाही, असं त्या म्हणाल्या. खोटेपणा त्यांना कणभरही खपत नसे. मला हे जरा अतीच वाटायचं, आणि त्यांच्यापुढे माझी मान आपोआप खालीही जायची.

पण हा हंगाम वेगळा होता. डिसेंबरअखेर जाऊबाई निवृत्त होणार होत्या आणि थोरले दीर, त्या आणि सासूबाई कायमचे सोलापूरला परतणार होते. त्याआधी तीनच शर्यती होत्या. त्यांतली एक तरी शिट्टी न वाजता, सगळ्या फेऱ्या करून संपवायची, एवढंच त्यांना हवं होतं. नंबर नको, पदक नको. सोलापुरात कुठे हा खेळ, कुठे ती माणसं. भर उन्हाळ्यात, लू म्हणतात तो भाजणारा वारा वाहत असताना, त्या पहाटे उठून नाल्यात जायच्या ते याच एका गोष्टीसाठी.

आणि हंगामाची सुरुवात अशी झाली की वैऱ्याचीही होऊ नये. पहिली शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी. दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. सासूबाई सकाळपासून तबक घेऊन घरभर फिरतात. पळी-झाऱ्यापासून माझ्या नवऱ्याच्या लॅपटॉपपर्यंत कुणी सुटत नाही. कोरडं कुंकू गळून पडतं म्हणून त्या ते तेलात कालवतात. सायकलची पाळी आली तेव्हा त्यांनी सगळ्यांत चकचकीत जागा शोधली. चाकाच्या मधोमध एक पोलादी चकती असते, आरशासारखी. तिच्यावर त्यांनी मायेने पाच बोटं ओढली. मागच्या चाकालाही तशीच. ती चकती म्हणजे ब्रेक. तिला तेलाचं बोट लागलं की ब्रेक दाबा नाहीतर देवाचा धावा करा, सारखंच. शर्यतीआधीची विश्रांती म्हणून कोपऱ्यात टेकवलेल्या सायकलकडे चार दिवस कुणाचं लक्ष गेलं नाही. रविवारी पहिल्याच उतारावर सायकल जी सुटली ती वळणावर बांधलेली फीत तोडून थेट म्हशींच्या तळ्यात. जाऊबाई शेवाळासकट बाहेर आल्या, चप्पल घासून गाडा थांबवतात तसे बूट जमिनीला घासत पुढच्या फेऱ्या केल्या, आणि शिट्टी वाजली. चकतीवरून फिरवून लाल झालेली बोटं त्यांनी मला गुपचूप दाखवली. घरी मात्र सांगितलं की उतारावर चिखल होता. आईंना कळता कामा नये, अशी मला ताकीद मिळाली.

दुसऱ्या शर्यतीआधी त्यांनी चकत्या स्पिरिटने पुसून ब्रेक नवे घातले होते. त्या दिवशी कीकरचा, म्हणजे आपल्या बाभळीचा, काटा घुसला आणि चाक बसलं. चाक बदलायची जागा शेताच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर त्या सायकल खांद्यावर घेऊन पळत गेल्या. पळताना दोघांना मागे टाकलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शिट्टी वाजलीच.

आता सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. सासरे गेल्यावर त्या सोलापूरहून इथे आल्या त्याला पाच वर्षं झाली होती. हिंदी येत नाही, थंडी सोसत नाही, देवळात गेल्या तरी बोलायला कुणी नाही. बाल्कनी, देवघर आणि टीव्हीवरचं कीर्तन, एवढंच त्यांचं चंदीगड. त्यांनी निदान केलं की सुनेला दृष्ट लागली आहे, आणि तिसऱ्या शर्यतीला आपण स्वतः येणार. धुक्यात, दोन शाली आणि कानटोपी घालून, मांडीवर तबक घेऊन त्या गाडीत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या या शहरात आपण होऊन कुठेतरी निघाल्या होत्या.

सगळे स्पर्धक रांगेत उभे राहिल्यावर सासूबाई तबक घेऊन पुढे झाल्या. सरदारजींनी हात जोडून वाट दिली. तबकात तेच तेलात कालवलेलं कुंकू होतं. मी घाईघाईने म्हटलं की आई, हँडलला लावा ना. "हँडल काळं आहे गं," त्या म्हणाल्या, "उठून दिसत नाही." आणि वाकल्या. पण बोट चकतीपर्यंत पोचत नव्हतं. तेव्हा जाऊबाईंनी काय करावं? सायकल उचलून चाक त्यांच्या बोटाखाली धरलं. आधी पुढचं, मग मागचं. माझ्याकडे एकदाच, दटावून पाहिलं. मग त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि शर्यत सुटली.

त्यानंतर जे पाहिलं त्याला मी शब्द शोधत असते. प्रत्येक उताराच्या तोंडाशी जाऊबाई उतरायच्या, सायकल खांद्यावर टाकायच्या आणि धावत खाली जायच्या. सगळे जिथे बसून घरंगळत होते तिथे ही साठीची बाई ओझं घेऊन पळत होती. खाली पोचल्या की पुन्हा बसून, गेलेला वेळ चढावर भरून काढायच्या. मी इतकी वर्षं त्यांना पाहत आले, पण त्यांना इतक्या वेगाने जाताना कधी पाहिलं नव्हतं. एकेक फेरी उलटली तरी त्या शर्यतीत होत्या. पोरं स्वतःची शर्यत सोडून ओरडायला लागली. दोन फेऱ्या उरल्या, मग एक. शेवटची फेरी सुरू होते त्या रेषेच्या थोडं अलीकडे पहिला मुलगा त्यांच्या मागच्या चाकाला येऊन भिडला. सरदारजींनी शिट्टी ओठांना लावली, खुर्चीत बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे. जाऊबाईंनी ‘वाजवा’ अशी मान हलवली. शिट्टी वाजली.

जाऊबाई बाजूला झाल्या, सायकल गवतावर ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सासूबाई मात्र खुर्चीतून धडपडत उठल्या. त्यांच्या लेखी हिशेब सरळ होता: बाकीचे अजून रखडत आहेत आणि शिट्टी वाजली ती एकट्या हिच्यासाठी.

"जिंकलीस की गं पोरी," त्या म्हणाल्या आणि सुनेच्या चिखलाने भरलेल्या तोंडावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

जाऊबाईंनी सरदारजींकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "होय आई."

परतताना सासूबाई मागे झोपल्यावर मी विचारलं की ताई, जाता जाता कोपऱ्यात थांबून पुसून टाकायचं होतं. त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "अगं, आई खुर्चीतून सबंध वेळ चाकाकडेच बघत होत्या."

महिनाभराने ते सगळे गेले. त्या शेतात आता पुन्हा शर्यती होतात म्हणे; मी जात नाही. सासूबाईंचा परवा फोन आला होता. शेजारच्या बायका जमल्या होत्या आणि त्या मला साक्षीला धरून सांगत होत्या की तिकडे पंजाबात इतक्या तरण्या पोरांत माझी थोरली सून पहिली आली, विचारा हिला. मागे जाऊबाई भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. मी तिकडे कान दिला. जाऊबाईंनी आजवर कुणाला चुकीचं बोलू दिलं नव्हतं. आवाज क्षणभर थांबला आणि मग भांडी पुन्हा लागायला लागली. मी म्हटलं, होय, पहिल्या आल्या, मी तिथेच होते.