मधले शून्य

"शून्यमावशीला रस्ता विचारू नका, मिलिमीटरमध्ये सांगेल," असे शेजारी म्हणत. मावशी तारेच्या कारखान्यात तपासनीस होत्या. केसाहून बारीक तारेची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, आणि लांबी किलोमीटरमध्ये, असा त्यांचा सारा दिवस जाई.

नोकरीचा पहिलाच महिना होता. पन्नास मायक्रॉनचे माप यंत्रासाठी मिलिमीटरमध्ये लिहायचे होते. मावशींनी लिहिले ०.५. तो कागद तसाच पुढे गेला असता, तर पाच किलोमीटर तार दहापट जाड निघाली असती आणि नोकरी हातची गेली असती. पण म्हाताऱ्या मिस्त्रींना प्रत्येक आकडा उलटा फिरवून पाहायची खोड होती.

"पॉइंट पाच म्हणजे पाचशे मायक्रॉन. पोरी, तार काढायचीय की दोरखंड?"

त्यांनी पेन्सिलीने मध्ये एक शून्य घातले आणि साहेबांच्या कानावर ही गोष्ट कधीच जाऊ दिली नाही. ती खोड मग मावशींनी उचलली आणि जन्मभर जपली.

निवृत्तीनंतरही त्या दर रविवारी, नव्वदीला टेकलेल्या मिस्त्रींना भेटायला चालत जात. शेजारच्या काकूंना राहवेना.

"एका शून्यापायी चार किलोमीटर तंगडतोड? अहो, आता पुरे की!"

मावशी चपला घालत म्हणाल्या, "चाळीस लाख मिलिमीटर आहेत, उलटं फिरवूनही पाहिलंय. त्या एका शून्यावर माझी बत्तीस वर्षं उभी राहिली. तुम्ही तुमचा स्वयंपाक बघा."