पिस्तुलाची मूठ

संग्रहालयात नवा लागलो, तेव्हा एका जुन्या पिस्तुलाचे भाग मी शिकत होतो. नळी, घोडा, घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी, चाप, मूठ. त्याच सुमारास सुमतीबाई आल्या. त्या निवृत्त संगीतशिक्षिका. त्यांना डोळ्यांनी अजिबात दिसत नसे. साहेबांच्या परवानगीने मी ते पिस्तूल कपाटातून काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

मी एकेक नाव सांगत त्यांचं बोट त्या त्या भागावर नेत होतो.

“ह्याला घोडा का म्हणतात?” त्यांनी विचारलं. मी नावं पाठ केली होती, ती कुठून आली हे मनातही आलं नव्हतं.

चापाला त्यांनी बोट टेकवलं आणि लगेच काढून घेतलं.

“रिकामं आहे, बाई,” मी म्हणालो.

“ते कळलं हो. तरी नको.”

मग त्यांनी मूठ हातात धरली आणि बोटं तिच्याभोवती मिटली.

“माझ्या हाताला नेमकी बसते आहे. कुणाचं होतं हे?”

“ते कुणालाच ठाऊक नाही.”

“हात लहान होता बघा,” त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी विचार करत राहिलो. भागांची नावं अशा सगळ्या पिस्तुलांत सारखीच असतात; पण ही मूठ कुणा एकाच्या हातासाठी घडवलेली असणार. एखाद्या कोवळ्या मुलाच्या, की एखाद्या बाईच्या? पिस्तूल कपाटात ठेवण्याआधी मी ती मूठ धरून पाहिली. माझी करंगळी बाहेरच राहिली.