दुकानाचा माणूस

दुकानात भांडायला जाताना माणसाने कोणत्या रंगाचा शर्ट घालावा, हे ग्राहकाच्या हक्कांत कुठेही लिहिलेलं नाही. मी आकाशी घातला होता.

नवाकोरा कुलर आठवड्याच्या आत बंद पडला. मे महिना, नागपूर, आणि घरात सासूबाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेल्या. (कुलर मी निवडला होता, हे त्या टॉवेलखालून सगळ्यांना सांगत होत्या.) फोन करून थकलो, शेवटी बायकोला, सुनीताला घेऊन सक्करदऱ्यातल्या त्या दुकानात धडकलो. वाटेत तिला सगळं म्हणून दाखवलं, "नव्या वस्तूत दोष निघाला तर दुरुस्त करून द्या, नाही तर बदलून द्या, नाही तर पैसे वापस. आपला हक्क आहे तो."

"मले काहून सांगून राहिले? त्यायले सांगा," ती म्हणाली आणि आत शिरताच एसीखाली जाऊन उभी राहिली.

मॅनेजर येतच आहेत, असं काउंटरवरून कळलं. तेवढ्यात एक मावशी मिक्सर कडेवर घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काहून भाऊ, हाच देला होता न मिक्सर? चटणी होत नाही, नुसता धूर निघते."

"मावशी, मी इथला नाही."

"विकताना बरे इथले होते."

मी आजूबाजूला पाहिलं. दुकानातले सगळे नोकर आकाशी शर्टात होते.

"अहो, मी गिऱ्हाईक आहो."

"मंग मॅनेजरले बोलवा."

"ते येऊनच राहिले."

"पाहा, याले सारं मालूम आहे."

लोक जमले. एका काकांनी माझ्या हातात पंख्याचं रिमोट दिलं आणि सेल कुठून टाकायचे ते विचारलं. मी गोंधळलो, आणि गोंधळलो की मी पाठ केलेलं बोलतो. "मावशी, दोष असला तर बदलून मिळते. हक्क आहे तुमचा."

"ऐकलं का? दुकानवाले सोता बोलून राहिले."

मॅनेजर आले ते याच वाक्यावर. ते दुसऱ्या शाखेतून नुकतेच बदलून आलेले. मला म्हणाले, "कबूल केलं न? मंग देऊन टाका. गिऱ्हाईकाले कायले ताटकळत ठेवता?" कोणीतरी नवा मिक्सर माझ्या हातात दिला. मी तो मावशींना दिला, वर हात जोडून "तकलीफ झाली" असंही म्हणालो. का, ते मला अजून कळलेलं नाही.

"साहेब, माझा कुलर..."

"तुमचं नंतर. आधी गिऱ्हाईक."

"हिले विचारा मी कोण आहो," मी सुनीताकडे बोट दाखवलं.

तिने मला नीट न्याहाळलं. मग मॅनेजरना म्हणाली, "भाऊ, आमचा कुलर बंद आहे. माणूस कधी पाठवता?"

मॅनेजर माझ्याकडे वळले. "आजच जा बाईंकडे."

संध्याकाळी मी पेचकस घेऊन कुलर उघडून बसलो होतो आणि सुनीता शेजारणीला सांगत होती, "बोललं की माणूस येतेच वं."

कुलर काही सुरू झाला नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात गेली. माझी तक्रार करायला.