अण्णांचा उलटा हेडफोन

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरग्याहून मुरुमला येणाऱ्या बसमध्ये होतो. कानात, अण्णांना मुळीच न आवडणारे, बिनवायरचे इअरफोन होते. फुप्फुसाचं दुखणं वर्षभर चालू होतं, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. तरी इअरफोन काढून खिशात टाकले ते मुरुम येईपर्यंत परत घातले नाहीत.

मल्लिनाथ गुरुजी, म्हणजे आमचे अण्णा, माझ्या शाळेतले ज्येष्ठ सहकारी. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं खेडोपाडी जाऊन म्हाताऱ्या माणसांनी गायलेली देवीची आराधी गाणी रेकॉर्ड करायचो. माणसं शोधायची त्यांनी. वायरी, बॅटऱ्या, माईक माझ्याकडे. एकदा बसमध्ये ते आपण होऊन म्हणाले, "सुभाष, डावा कान गेलाय माझा. ल्हानपणीच. शाळेत बोलू नको कुणाला, पोरं डावीकडनंच दंगा करतील." मी शब्द दिला.

हेडफोन घ्यायला सोलापूरला गेलो. दुकानदारानं सात-आठ मांडले. अण्णा प्रत्येक हेडफोन आपल्याच रेकॉर्डरला जोडून एकदा सरळ घालत, एकदा उलटा. दुकानदार म्हणाला, "काका, उलटा घातलाय. त्यावर डावं-उजवं लिहिलंय बघा." अण्णा म्हणाले, "वाचता येतंय की. मास्तर हाय म्या." बाहेरचा गोंगाट बंद करणारे बटणाएवढे इअरफोन तर त्यांनी लगेच परत केले. "ह्यातलं डावं उजव्या कानात बसत न्हाय. काय कामाचं?" दुकानदार आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. शेवटी मऊ गाद्यांचा, वायरवाला, दोन्ही बाजूंनी सारखाच बसणारा एक साधा हेडफोन ठरला. येताना वाट वाकडी करून तुळजापूरला गेलो. तिथला लाल दोरा त्यांनी हेडफोनच्या डाव्या वाटीला बांधला. मला वाटलं, भक्ती.

पुढं नळदुर्गजवळच्या एका खेड्यात एक आजी गात होत्या. रेकॉर्डर मधे, त्याच्या उजवीकडे अण्णा, डावीकडे मी. चहा आला तरी अण्णा मशीन बंद करत नसत. गाणं थांबल्यावर माणूस खरं बोलतं, असं त्यांचं मत. आजींनी वाकून मला हळूच विचारलं, "गुरुजीला ऐकाय कमी येतं व्हय?" आल्यापासून सगळे गुरुजी, गुरुजी करत होते, मला कुणी नावही विचारलं नव्हतं... एवढंच कारण. मीही हळूच म्हणालो, "डावा कान ठार हाय. नाव त्यांचं, काम समदं माझं. म्या नसलो तर ह्यांचं रेकॉर्डिंग कुत्रं बी ऐकणार न्हाय." आणि हसलो. आजी हसल्या नाहीत. अण्णा हेडफोन घालून, समोर बघत, बशीतला चहा पीत होते. त्यांच्या डाव्या बाजूला बसून मी निर्धास्त होतो.

त्यानंतर रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला अण्णा बोलत ती ओळ बदलली. आधी ते गावाचं, गाणाऱ्याचं आणि स्वतःचं नाव सांगत. आता म्हणू लागले, "ध्वनिमुद्रण सुभाष... सोबत मल्लिनाथ." मी फुगलो. घरी बायकोला सांगितलं, अण्णांना माणसाची कदर आहे.

गेल्या आठवड्यात अण्णांच्या घरी गेलो, तेव्हा वहिनींनी त्यांचा रेकॉर्डर आणि हेडफोन माझ्या हातात दिले. दोऱ्यावरून बोट फिरवत मी म्हणालो, "देवीचा दोरा अजून आहे."

"नुसत्या देवीसाठी न्हाय भावजी," त्या म्हणाल्या. "चष्मा नसला तरी डावं कुठलं ते हाताला कळावं म्हणून. घरी आल्यावर समदं दोनदा ऐकायचे हे. एकदा सरळ, एकदा उलटं. डावीकडं बोललेलं डाव्या कानातच वाजतं म्हणं. मग ह्यांना कसं ऐकू यावं? उलटं घालून एकेक शब्द ऐकायचे बघा."

समोरचा चहा तसाच ठेवून मी उठलो. वहिनींना वाटलं, अण्णांच्या आठवणीनं झालं असेल.

घरी येऊन नळदुर्गकडच्या त्या आजींची फाईल काढली. हेडफोन उलटा घातला. माझा आवाज उजव्या कानात स्वच्छ आला, हसण्यासकट. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. हे ऐकून अण्णा पुढची कितीतरी वर्षं माझ्याबरोबर हिंडले, माझ्या डब्यातलं खाल्लं, त्याबद्दल एका शब्दानं बोलले नाहीत. आता माफी मागायची कुणाची?

पुढच्या सगळ्या फायली लावून बघतोय. प्रत्येकीत माझं नाव आधी. शेवटची फाईल आजारपणातली. आवाज पार बसलेला. "ध्वनिमुद्रण सुभाष..." इतकंच होतं, आणि मग खोकला. तो लांबत जातो, आणि त्यांचं स्वतःचं नाव घ्यायचं राहून जातं.